दोन जेवणाच्या सुट्ट्या

ताईच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर, कडेपासून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर, एक बारीक चरा होता. समोरून दिसायचा नाही. दिवा बाजूने आला की चमकायचा. चष्म्याच्या काचा घासण्यात जन्म गेलेली बाई, आणि स्वतःच्या नाकावर हे! "दिसतंय ना त्यातून? मग झालं," ती म्हणायची. हल्ली तिचं सगळ्याच बाबतीत "मग झालं" असतं, असं धाकटीला वाटू लागलं होतं.

रंगमंचामागच्या खोलीत चौघी बसल्या होत्या: या दोघी बहिणी, डफ वाजवणारी त्यांची वहिनी आणि मावशी. चौघी एकाच कारखान्यातल्या. डबा खाऊन उरलेल्या वेळात गायच्या, म्हणून गटाचं नाव 'जेवणाची सुट्टी'. पुढे दुसऱ्या शहरात पाच पोरांनी आपल्या बँडला नेमकं तेच नाव ठेवलं. त्यांनी चोरलं नव्हतं. अशा कुणी बायका आहेत हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांचं 'उडी' नावाचं गाणं घरोघरी वाजायला लागलं आणि त्यांची आमंत्रणं चुकून इकडे येऊ लागली. चूक कळत असूनही ताई "येतो" म्हणत राहिली. लोक हिरमुसतात म्हणून तिने सगळ्यांकडून 'उडी' बसवून घेतलं. आता तर टोप्याही आणल्या होत्या, पोरं घालतात तशा, पिवळ्या.

दार ढकलून सभागृहाचा व्यवस्थापक आत आला. त्याने चौघींकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे पाहिलं.

"बँड कुठाय?"

"हा काय," ताई म्हणाली.

"तुम्ही? मला वाटलं, त्यांच्या आया."

"बरं झालं, आज्या नाही म्हणालात," वहिनी म्हणाली.

तो हसला नाही. "आता काय करणार, लोक बसलेत. 'उडी' येतं ना? तेच लांबवा. दुसरं काही नको."

"दोनदा म्हणू," ताई लगेच म्हणाली. तो गेला.

"आणि मावशींचं गाणं?" धाकटीने विचारलं.

मावशींनी ते कारखान्यातच रचलं होतं, घासणीच्या ठेक्यावर. घासणी तीनदा फिरवायची, मग काच उचलून उजेडात धरायची. म्हणून गाण्यातही चौथी मात्रा रिकामी. मावशींचा कामावरचा आज शेवटचा दिवस होता. उद्या त्या दूर लेकीकडे राहायला जाणार होत्या. आज त्यांचंच गाणं म्हणायचं, असा शब्द ताईने दिला होता.

"पुढच्या वेळी म्हणू," ताई म्हणाली.

"पुढच्या वेळी मावशी कुठे असणार आहेत?"

"लोकांना नको असतं गं ते. इतकी वर्षं म्हटलं, कुणी टाळी वाजवली?"

"आणि आता वाजतात त्या कुणासाठी? आयत्या बिळावरचे नागोबा झालोय आपण!"

"हळू बोल. आणि मोठी कोण आहे, मी का तू?"

याच वाक्यापाशी धाकटी दर वेळी गप्प व्हायची. पहिलं चुकीचं आमंत्रण आलं तेव्हापासून तिच्या ओठांवर एकच गोष्ट होती, आणि दर वेळी ती गिळत आली होती. आजही गिळली असती.

"भांडू नका गं पोरींनो," मावशी म्हणाल्या. "द्या ती टोपी इकडे."

त्यांनी टोपी घातली. ती त्यांना मोठी होत होती. पांढऱ्या केसांवरून घसरून भुवयांवर आली. ती वर सारून मावशी समजूतदारपणे हसल्या. त्या हसण्याने धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पडदा वर गेला. "उडी! उडी!" असा गजर चालला होता, तो बायका दिसताच थांबला. कुणीतरी फिसकन हसलं. ताईने खूण केली, वहिनीने डफावर हात उचलला.

धाकटीने मावशींच्या डोक्यावरची टोपी काढली, त्यांचे केस सारखे केले आणि ताईच्या पुढ्यातला माइक उचलला.

"अगं!" ताई पुटपुटली.

"आम्ही ते नव्हे," धाकटी म्हणाली. "आमचंही नाव 'जेवणाची सुट्टी'च आहे, पण तुम्ही ज्यांच्यासाठी आलात ते आम्ही नव्हे. आम्हाला हे माहीत होतं, तरी आलो. 'उडी' आम्ही म्हणणार नाही, आज नाही आणि यापुढेही नाही. ज्यांना जायचंय त्यांनी जावं. जे बसतील त्यांनी मावशींचं गाणं ऐकावं. आणि मध्ये जागा रिकामी येते, तिथे टाळी वाजवायची नाही!"