माझं चित्र पुसट नव्हतं

“पुसट येतंय. धुकं पडल्यासारखं. हा डबाच फुटका निघाला.”

मित्रांनो, हे बोलणं माझ्याबद्दल होतं. माझ्यापासून हातभर अंतरावर बसून, मला ऐकू जाईल अशा बेताने केलेलं. तेव्हा आधी माझी ओळख मीच करून देते, नाहीतर तुम्हीही त्या बोलण्यावर विश्वास ठेवाल. मी टीव्हीला जोडायची एक डबी आहे. तळहाताएवढी, काळी, कोपऱ्यांना गोलाई असलेली. इंटरनेटवरच्या मालिका आणि सिनेमे मी ओढून आणते आणि टीव्हीच्या पडद्यावर मांडते. मी जुनी आहे, हे कबूल. माझ्या पाठीवरचे आकडे पुसले गेलेत, माझी वायर एका ठिकाणी चिकटपट्टीने गुंडाळलेली आहे. पण फुटकी मी नाही. कालही नव्हते, आजही नाही.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे दिवस आणि रात्र दोन्ही पांढऱ्या नळ्यांच्या उजेडात जायचे. डोक्याला टोप्या आणि हातांना मोजे घातलेल्या बायका रांगेत बसून आम्हाला जोडायच्या. शेवटच्या टेबलावर एक चिडकी बाई होती. ती प्रत्येकीला एका छोट्या पडद्याला लावायची, रंगांचे पट्टे बघायची, आणि जरा कुठे शंका आली की डबी सरळ टोपलीत फेकायची. माझ्या शेजारची टोपलीत गेली, मागची गेली. मी पास झाले. ती बाई कुणाला उगाच पास करणारी नव्हती, एवढं लक्षात ठेवा.

तिथून दुकान, आणि दुकानातून मी एका तरुण मुलीच्या घरी आले. तिथली वर्षं कौतुकात गेली. घरी पाहुणे आले की ती मला दाखवायची, “बघा, एवढीशी आहे, पण काय काय लावते.” मग तिचं लग्न झालं, नवऱ्याच्या घरी नवा टीव्ही आला. त्याच्या पोटातच सगळं होतं, त्यामुळे माझं काम संपलं. मला वाटलं, आता कपाटात. पण तिने मला रुमालात गुंडाळलं आणि आपल्या आईवडिलांकडे आणून दिलं. म्हणाली, “आई, दिवसभर मशीनवर मान मोडतेस. संध्याकाळी जरा बसून काहीतरी बघ.”

ही आई म्हणजे आमची मावशी. सगळी गल्ली तिला मावशी म्हणते, म्हणून मीही. मावशी कपडे शिवते. घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. खिडकीशी शिलाई मशीन, मधे कापड बेतायचं टेबल, कोपऱ्यात डोकं नसलेला एक पुतळा, त्याच्या अंगावर कायम कुणाचा तरी अर्धवट पोशाख, आणि समोरच्या भिंतीला टीव्ही. टीव्हीच्या खालच्या फळीवर मी. रिमोटचा इशारा ओळखायला मला समोरून एक बारीक डोळा दिलेला आहे. त्यातून मला ही अख्खी खोली दिसते.

तिचे यजमान, म्हणजे काका, एका उंच इमारतीत लिफ्ट चालवायचे. नोकरीभर मजल्यांचे आकडे सोडून ते फारसं काही बोलले नाहीत, आणि निवृत्त झाल्यावर तेही थांबलं. मावशी म्हणायची, “यांच्याशी भांडायचं तरी कसं? भिंतसुद्धा यांच्यापेक्षा जास्त आवाज करते.”

सुरुवातीची वर्षं आमची फार छान गेली. संध्याकाळी मशीनवर कापड पांघरलं की मावशी माझ्यासमोर बसायची. एका फौजदार बाईची मालिका तिला आवडायची. पण खरं सांगू का, खून कुणी केला याच्याशी मावशीला काही देणंघेणं नव्हतं. तिचं लक्ष कपड्यांवर. मधेच ओरडायची, “थांबवा, थांबवा.” काका कळ दाबायचे, मी चित्र गोठवायचे, आणि मावशी पडद्यावर बोट ठेवून सांगायची, “बघा, खांद्याला ओढ बसलीय. एवढा पैसा आहे यांच्याकडे, आणि एक धड शिंपी मिळत नाही.” एकदा तर भर पाठलागात तिने फौजदार बाईला थांबवून तिच्या कोटाचा खिसा कागदावर काढून घेतला. चोर निसटला तो निसटलाच.

मग एके दिवशी तिने थांबवायला सांगणं बंद केलं.

घरात कुणाच्या ते ध्यानात आलं नाही. माझ्या आलं, कारण गोठवायची मला सवय झाली होती. पडद्यावर एक बाई अशी आली की तिच्या बाह्या चक्क लहानमोठ्या होत्या. मी वाट बघत राहिले. मावशी गप्प. त्यानंतर ती खुर्ची पुढे ओढून बसायला लागली. मग आणखी पुढे. आणि मग ते वाक्य सुरू झालं, “चित्र पुसट येतंय.”

मी माझ्याकडून सगळं करून पाहिलं. जास्तीत जास्त स्वच्छ चित्र आणलं. नेट मंद असताना पडद्यावर जे गोल चाक फिरतं, तेसुद्धा मी फिरू दिलं नाही. पण रोज संध्याकाळी तेच. काका ओल्या फडक्याने पडदा पुसायचे, माझी वायर काढून परत लावायचे, आणि म्हणायचे, “हो, जरा पुसटच आहे.” त्यांना सगळं लख्ख दिसत होतं. मी बघत होते ना त्यांचा चेहरा!

आणि मित्रांनो, मग एक नवलच झालं. काका बोलायला लागले. मालिका सुरू झाली की त्यांचंही सुरू. “ही आता जिना चढून वर गेली. तो खाली उभा आहे. आता तो वर चालला. अरेरे, ती मागच्या जिन्याने खाली आली.” लिफ्टवाल्या माणसाला वर कोण गेलं आणि खाली कोण आलं हेच मुख्यतः दिसायचं. बाकीचं बऱ्याचदा राहून जायचं, त्यामुळे मावशीला गोष्ट अर्धीच कळायची. जावई एकदा वैतागून म्हणाले, “बाबा, आम्हाला डोळे आहेत.” काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जावई चहाचा कप घेऊन बाहेर गेले, ते मालिका संपेपर्यंत आलेच नाहीत.

सकाळी मावशी अंघोळीला गेली की काका सुया घेऊन खिडकीशी बसायचे आणि एकेक दोरा ओवून सुया खोचायच्या छोट्या गादीत टोचून ठेवायचे. काळा, पांढरा, निळा, तपकिरी. मावशी येऊन हवी ती सुई उचलायची. दोघंही त्याबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत.

समोरच्या शाळेतल्या एका बाईंचं जाकीट तर एक बाही उलटी लागूनच त्यांच्या हाती गेलं. बाईंनी बाहीकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. काका घाईघाईने म्हणाले, “हल्ली असंच चालतं.” त्या भल्या बाईने जाकीट तसंच अंगात घातलं, छान झालंय म्हणाली आणि गेली. सगळी गल्ली मावशीला सांभाळून घेत होती. नाव मात्र माझं खराब होत होतं.

काकांनी टीव्ही दुरुस्तीवाल्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने मला उलटंपालटं केलं, आपल्या यंत्राला लावून पाहिलं आणि म्हणाला, “मावशी, डबा उत्तम आहे. चित्र काचेसारखं स्वच्छ येतंय.” माझा ऊर भरून आला. अखेर कुणीतरी खरं बोललं! पण मावशीच्या खुर्चीमागे काका उभे होते. त्यांनी मिस्त्रीला हात जोडले. मिस्त्री खाकरला. “म्हणजे, स्वच्छ म्हणजे तसं… जरा धुरकट आहेच. जुना झालाय हो डबा.” फिरला तो माणूस. वर चहा पिऊन गेला.

त्या दुपारी काका बाजारात गेले होते. मावशी उठून माझ्यापाशी आली. टीव्हीला नाक लागेल इतकी जवळ. बराच वेळ एक डोळा झाकून बघत राहिली, मग दुसरा झाकून. मग खाली वाकून मला म्हणाली, “माझं शिलाईचं मशीन बंद पडलं तर मी करू काय? तूच बिघडलेली राहा बाई. तुझं काय जातंय?”

माझं काय जातंय? माझी अब्रू जात होती. आणि नुसती माझी अब्रू गेली असती तर एक वेळ दिलीही असती. पण या खोटेपणात तिचं जे जात होतं, ते मला दिसत होतं आणि तिला दिसत नव्हतं. मी नाही म्हटलं. अगदी ठासून नाही म्हटलं. पण माझं नाही तिच्यापर्यंत पोचावं असं तोंड मला कुठे होतं? मी जास्तीत जास्त लख्ख चित्र दाखवत राहिले. माझं भांडण एवढंच.

पुढच्याच आठवड्यात, माझ्यावर गाणी लावून शिवत असताना, मशीनची सुई मावशीच्या बोटातून आरपार गेली. नखातून घुसली आणि खालून बाहेर आली. काकांनी चाक उलटं फिरवून बोट सोडवलं, रुमाल बांधला आणि तिला दवाखान्यात नेलं. दारातून बाहेर पडताना मावशीने काय म्हणावं? “या डब्याने गाणं मधेच अडवलं, म्हणून माझं लक्ष उडालं.” मित्रांनो, गाणं अडलं नव्हतं. ते दोघं गेल्यावरही रिकाम्या खोलीत ते शेवटपर्यंत वाजलं.

संध्याकाळी मुलगी आली. मावशी आत पडली होती. काका माझ्याशेजारी उभे राहून हळू आवाजात मुलीला सांगू लागले, की मलमपट्टी करणाऱ्या नर्सने त्यांना बाजूला घेतलं. यांचे डोळे लगेच दाखवा म्हणाली, जेवढी नजर आहे तेवढी कदाचित वाचवता येईल, गेलेली परत येणार नाही. आता दिवस घालवू नका म्हणाली.

“मग सांगा ना आईला,” मुलगी म्हणाली.

“तू सांग.”

मुलगी म्हणाली की मागे तिने नुसता चष्म्याचा विषय काढला, तर आईने महिनाभर तिचा फोन उचलला नव्हता. काका म्हणाले, त्यांना तर याच घरात राहायचंय. मग एवढं शिकलेली ती मुलगी आणि एवढा जीव लावणारे ते काका, दोघांनी मिळून काय ठरवावं? मला काढून नवी डबी आणायची. म्हणजे आईला जरा बरं वाटेल.

शनिवारी मुलगी नवी डबी घेऊन आली. चकचकीत खोक्यात होती बिचारी. आपल्यावर कसला आळ येणार आहे, याची तिला कल्पनाही नव्हती. आता माझी वायर निघणार, मला भंगारात घालणार, आणि उद्या हीच खुर्ची, हीच मावशी, हेच वाक्य. म्हणून जायच्या आधी मला जे सांगायचं होतं ते तुम्हालाच सांगते. मित्रांनो, घरातलं एखादं माणूस एखाद्या वस्तूवर रोज उठून चिडायला लागलं, तर वस्तू बदलण्याची घाई करू नका. आधी त्या माणसाकडे नीट बघा. वस्तू काय, दुकानात रांगेने मिळतात. आणि वस्तूवर खोटा आळ घेऊ नका. आम्हालाही सरळ काम केल्याचा अभिमान असतो.

मला काढायच्या आधी माझ्यातून मुलीचं नाव आणि खातं पुसायचं होतं. त्यासाठी ती रिमोटवर कळा दाबत खोलखोल शिरत गेली. मावशी पट्टी बांधलेलं बोट मांडीवर ठेवून खुर्चीत बसली होती. मुलीकडून एक कळ जरा जास्त वेळ दाबली गेली, आणि खोलीत एका बाईचा आवाज आला.

“सेटिंग,” ती म्हणाली. “खाते. बाहेर पडा.”

काका दचकून दाराकडे बघायला लागले. बोलत होते ती मी. हा आवाज माझ्या पोटात इतकी वर्षं बसून आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं. कारखान्याने तो मला मुद्दाम दिला होता, पण कुणी मागितलाच नव्हता. मुलगी तो बंद करायला गेली, तर प्रत्येक कळेगणिक मी आणखी बोलायला लागले. “मागे. मुख्य पान. पाहणे पुढे चालू ठेवा. भाग सातवा.” आणि फौजदार बाईची मालिका सुरू झाली. मी थांबले नाही. “एक स्त्री काळोख्या खोलीत उभी आहे. तिच्या हातात एक तुटलेला कप. ती खिडकीकडे बघते. बाहेर कुणीही नाही.”

“हे काय आहे?” मावशीने विचारलं.

“काही नाही गं आई, चुकून लागलं. ही एक सोय असते. म्हणजे ज्यांना…” मुलगी अडखळली.

“ज्यांना काय?”

मुलीने वडिलांकडे पाहिलं. काका म्हणाले, “ज्यांना कंटाळा येतो. बघायचा.”

मी मात्र बोलत होते. ती स्त्री कप टेबलावर ठेवते. तिचे डोळे पाण्याने भरलेत. ती हसते. मावशी मान जराशी तिरकी करून ऐकत राहिली. ती पडद्याकडे बघतसुद्धा नव्हती. किती तरी दिवसांनी तिच्यापर्यंत पूर्ण गोष्ट पोचत होती. मुलीने पुन्हा रिमोट उचलला, तसा मावशीने चाचपडत तिचा हात धरला.

“राहू दे ते,” ती म्हणाली. “बाबांचा घसा बसलाय तुझ्या. वर गेली, खाली गेली करून करून.”

काका खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

“आणि ते नवीन आणलंयस ते परत देऊन टाक. याला काही झालेलं नाही.” मग ज्या बाजूला काका उभे आहेत असं तिला वाटलं, त्या बाजूला तोंड वळवून म्हणाली, “अहो, सोमवारी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन चला. मला दिसत नाही.”