न दिसणारे पिवळे ठिपके

कुठल्याही वस्तूच्या पोटात काय आहे हे बघितल्याशिवाय चांगदेव घरतला चैन पडत नसे. घरातला मिक्सर त्याने आजवर तीनदा उघडला होता आणि दोनदाच नीट बंद केला होता. त्यामुळे "मी प्रिंटर घेतोय, रंगीत," असं तो म्हणाला, तेव्हा सोनूबाईने आधी स्क्रू-ड्रायव्हर उचलून तांदळाच्या डब्यामागे ठेवला आणि मग नवऱ्याला विचारलं, "अवो, आपल्या घरात हापीस कवा झालं?"

"लागतो गो अधूनमधून. घरच्या घरी बरा."

खरं कारण त्याने सांगितलं नाही. कसं सांगणार? गावच्या भातशेतीला खाडीकडून बांध आहे आणि त्या बांधाला उघाडी आहे. उघाडी म्हणजे लाकडी दार. ओहोटीला ते आपसूक उघडतं, शेतातलं पाणी खाडीत सोडतं, आणि भरती आली की मिटतं. या दाराच्या तोंडावर गेले दोन महिने पाडलेल्या इमारतींचं राबिट येऊन पडत होतं. विटा, फुटक्या लाद्या, कमोडसुद्धा! दार उघडलं नाही तर पावसात भात कुजणार, मिटलं नाही तर खारं पाणी आत शिरणार. सगळ्या गावाची शेती जायची. चांगदेवने सकाळच्या फेरीत फोटो काढला होता. राबिट ओतणारा पिवळा डंपर त्यात स्पष्ट दिसत होता, आणि तो त्याच्या पुतण्याचा, अल्पेशचा होता.

अल्पेश म्हणजे मेलेल्या भावाचा एकुलता एक मुलगा. त्याच्या लग्नात बापाच्या जागी चांगदेवच उभा राहिला होता. त्यामुळे तहसीलदाराकडे अर्ज करायचा तर निनावी, हे त्याने पक्कं केलं होतं. पण गावात निनावी करणार कसं? धर्मा झेरॉक्सवाल्याच्या दुकानात कागद मशीनमधून बाहेर पडायच्या आधी बातमी बाहेर पडते. मागे चांगदेवने रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल अर्ज छापून घेतला होता. तो घरी पोचला तर सरपंच ओटीवर बसून चहा पीत होते. "काका, आधी मला सांगायचं ना!" म्हणाले. आता बोला!

म्हणून तो जवळचं उरण सोडून थेट पनवेलला गेला. दुकानात प्राप्ती नावाची एक चुणचुणीत मुलगी होती.

"काका, किती वेळा वापरणार?"

"वर्षातनं चार-पाच वेळा."

"मग शाईवाला घेऊ नका. पडून राहिला की शाई बारीक भोकांत सुकते. तुमच्यासाठी लेझर. त्यात शाई नाही, पावडर असते."

पावडर म्हटल्यावर चांगदेव खुर्चीवरून उठलाच. त्याच्या तीन पिढ्या मिठागरात गेल्या होत्या. "आणि बाय, आमच्या हवेत तिला पाणी न्हाय सुटत? मीठ तर पावसात रडायला लागतं."

प्राप्ती हसली. असा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. "नाही सुटत. ती प्लॅस्टिकसारखी असते. मशीन तापतं आणि तिला कागदावर वितळवून चिकटवतं. कागद मात्र दमट ठेवू नका, अडकतो."

तिने झाकण उघडून दाखवलं. आत चार नळकांडी होती: काळं, पिवळं, निळं, गुलाबी. "एवढ्या चारांत सगळे रंग?" चांगदेव डोकं जवळजवळ आतच घालून बघत होता. मग त्याने दोन्ही यंत्रांचे नमुने मागितले, अंगठा जिभेवर ओला केला आणि घासला. शाईवाल्या कागदावरचं फूल पसरलं. लेझरचं जसंच्या तसं राहिलं.

"काळा-पांढरा लेझर स्वस्त आहे. तो चालेल का?" प्राप्तीने विचारलं.

त्याने मोबाइलमधला फोटो तिला दिला. काळ्या-पांढऱ्या छपाईत चिखल, पाणी, विटा सगळं एकच काळं गिचमिड आलं. उघाडी कुठली आणि राबिट कुठलं, देवालाही कळलं नसतं. मग तिने रंगीतवर काढला. विटा लाल, लाद्या निळ्या, डंपर पिवळाजर्द, नंबरसकट. चांगदेवने नंबरावर अंगठा ठेवला.

"याच्यात एक गंमत आहे, दाखवू?" प्राप्तीने निळ्या उजेडाची छोटी बॅटरी आणि भिंग आणलं. "पांढऱ्या जागेवर बघा."

तो वाकला. आधी काही दिसेना. मग दिसले. सुईच्या टोकाएवढे ठिपके, ओळीने मांडलेले, कागदभर पुन्हा पुन्हा.

"अरे बापरे! हे काय लचांड?"

"पिवळे ठिपके. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. कुठल्या मशीनवर, कधी छापलं, ते त्यात लिहिलेलं असतं. सगळ्याच मशीनमध्ये नसतात, पण बऱ्याच रंगीत लेझरमध्ये असतात."

"आणि शाईवाल्यात?"

"बहुतेक नसतात." तिने डोळे बारीक केले. "का हो काका, निनावी पत्रं लिहिता की काय?"

चांगदेवच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. वाट तर सरळ होती. शाईवाला घ्यायचा, एक कागद काढायचा, मोकळं व्हायचं. तो पुन्हा भिंगातून बघत राहिला. एवढंसं यंत्र, पण प्रत्येक कागदावर आपली खूण टाकतं, कुणी विचारो न विचारो. आणि आपण? ज्या पोराला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, त्याच्या पाठीमागून दगड मारायला निघालोय. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटल्यावर तो नेहमी चिडायचा.

"ठिपकेवालाच दे," तो खेकसला.

घरी त्याने तो जोडला. स्क्रू-ड्रायव्हर न मिळाल्यामुळे उघडला मात्र नाही. पहिला कागद गरम गरम बाहेर आला तो सोनूबाईनेच उचलला. ती वाचू शकत नव्हती, पण डंपर कुणाचा हे कळायला अक्षरं कशाला हवीत?

"ह्यो आपल्या अल्पेशचा."

"व्हय."

"आन खाली काय लिवलंय?"

"माझं नाव."

तिने कागद परत त्याच्या हातात कोंबला. "नाव कशाला घातलंत? पोर जन्मात तोंड बघायचं न्हाय तुमचं."

"नाव न घालता दिला, तर मला त्याचं तोंड बघवायचं न्हाय," चांगदेव म्हणाला. मग त्याने कागदाची घडी केली, खिशात घातली आणि चपला पायात सरकवल्या.

अल्पेश अंगणात डंपरचे टायर धूत होता. काकाला बघून हसला. कागद हातात आल्यावर हसू गेलं. चित्र बघितलं, अर्ज वाचला, खालचं नाव वाचलं. पाइपमधलं पाणी तसंच वाहत राहिलं.

"माझा बाप असता तर त्यानं असं केलं असतं?"

"तुझ्या बापानं तुला झोडपलं असतं. मला ते जमत न्हाय, म्हणून लिवलं."

"मी एकटाच टाकतो काय? बाकीचे?"

"बाकीच्यांना मी खांद्यावर बसवलं नव्हतं."

मृणाली, अल्पेशची बायको, पाण्याचा तांब्या घेऊन दारापर्यंत आली आणि दोघांचे चेहरे बघून तिथेच थांबली.

"हापिसात कवा देणार?" अल्पेशने विचारलं.

"सोमवारी. आज गुरुवार हाय. उघाडीचं तोंड मोकळं करायला जेसीबीला एक दिवस पुरे. मोकळं झालं तर तुझा फोटो काढून टाकीन, बाकीच्यांसाठी अर्ज मात्र जाणार."

अल्पेशने गावाच्या रस्त्याकडे एकदा नजर टाकली. हलक्या आवाजात विचारलं, "काका, धर्मानं बघितला काय ह्यो?"

"न्हाय. घरी छापलाय. तुझ्या काकीनं बघितला, आन आता तू."

अल्पेशने कागदाची होती तशी घडी घातली आणि खिशात ठेवली. नळ बंद केला. मग ओटीवरची खुर्ची पुढे ओढली.

"बस," तो म्हणाला. "जेसीबीवाल्याला फोन लावतो."