बिनखांबाचा मांडव

"मेढ नही तं मांडव कसाना, ओ योगिताना बाप?" भागीरथीनं पिठाचा गोळा परातीत आपटला.

योगिताचं लग्न समाजाच्या सामुदायिक विवाहात, सुरतेच्या इनडोअर स्टेडियममध्ये ठरलं होतं. तिचा बाप शालिग्राम तिथंच कामाला. पाया खणताना त्यानं माती वाहिली होती, छप्पर चढल्यावर तिथलीच झाडलोट धरली. कबड्डी, व्हॉलीबॉल, साड्यांचं प्रदर्शन, पदवीदान, सगळं एकाच लाकडी जमिनीवर. सुट्टीच्या दिवशी लहानगी योगिता व्हॉलीबॉलच्या जाळीचं दुसरं टोक धरायला यायची. एवढ्या अफाट छपराखाली एकही खांब नाही, याचं शालिग्रामला भारी कौतुक. गावाकडचा पाहुणा आला की त्याला तो मान वर करायला लावी. तेच कौतुक आता अंगाशी आलं होतं.

"अवं, लाकडी जमीन शे ती. साहेब खिळा बी ठोकू देतस नही."

"मंग आठे रोवा!"

बमरोलीतल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत माती कुठली? भागीरथीचा आवाज खाली आला. "त्या जमीनले पोरसारखं जपं तुम्हीन. आते खरी पोर उभी शे."

लग्नाच्या सकाळी व्हॉलीबॉलचे खांब काढताना शालिग्राम थबकला. खांब निघाला, जमिनीत त्याचं पितळी काठाचं भोक उघडं राहिलं. नेहमीसारखं त्यावर झाकण लावायचं सोडून तो तसाच बाहेर धावला आणि मेढीसाठी उंबराची फांदी घेऊन आला. ती भोकात घट्ट बसली.

व्यवस्थापक धर्मेंद्रभाई पाहतच राहिले. "वॉलीबॉलना खाडामां मांडवो? करो, करो! पण लाकडा पर पाणी ना पडे, हों!"

भागीरथीनं आंब्याची पानं बांधली, हळद लावली. मागं इतर वधूंच्या आयांची रांग लागली.

"जरा सरका, बाई," रांगेतली शोभाबाई म्हणाली. "मेढ काय तुमनी एकलीनी शे का?"

भागीरथी कितीतरी दिवसांनी हसली.

संध्याकाळी योगिताची गाडी सासरी, कडोदऱ्याला गेली.

दुसऱ्या दिवशी सामना होता. शालिग्रामनं फांदी उपटली, अक्षता झाडल्या, सगळी जमीन पुसली. पितळी काठावर हळद राहिली होती. ओलं फडकं त्यानं तिथवर नेलं, मग ती न पुसताच परत पिळून बादलीवर टाकलं. खांब बसवला. जाळीचं एक टोक बांधून तो सवयीनं थांबला. दुसरं टोक जमिनीवरच पडून होतं.

मग तोच पलीकडे गेला.