कारणाचा रकाना

शाळेचं वेळापत्रक बनवणं म्हणजे खायचं काम नव्हे, हे पर्यवेक्षकांनी सत्तावीस वर्षांत इतक्यांना ऐकवलं होतं की त्यांच्या खोलीत शिरलेला माणूस ते वाक्य ऐकल्याशिवाय बाहेर पडतच नसे. भिंतीवर दाराहून मोठा लाकडी तक्ता, त्यावर खिळ्यांच्या रांगा आणि प्रत्येक खिळ्याला अडकवलेली रंगीत पुठ्ठ्याची चिठ्ठी. एक रंग म्हणजे एक शिक्षक. मुलं त्यांना तक्तेसर म्हणायची. तोंडावर नाही, अर्थात. पण सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

यंदा तक्तेसर निवृत्त व्हायचे होते, आणि तो तक्ता कळणारं दुसरं माणूस शाळेत नव्हतं. त्याच वर्षी दर शनिवारी दुपारी एक तरुण इंजिनिअरताई शाळेत येऊन प्रोग्रामिंग फुकट शिकवू लागल्या होत्या. त्यांची अट एकच होती: प्रत्येक संगणकापाशी एक शिक्षक आणि एक विद्यार्थी, शेजारी शेजारी. मुख्याध्यापिकांनी सरांना तिकडे पिटाळलं. "पुढच्या वर्षीचं वेळापत्रक तिथेच करा," त्या म्हणाल्या. "घरी जाताना तुमचं डोकं तेवढं त्या यंत्रात ठेवून जा."

सरांच्या वाट्याला नववीतली एक मुलगी आली. सगळी शाळा तिला प्रश्नपत्रिका म्हणायची. का म्हणायची, ते सरांना पहिल्या पाच मिनिटांत कळलं.

"एक शिक्षक एका वेळी दोन वर्गांत नको," सर सांगायचे आणि ती टाइप करायची. "प्रयोगशाळेत एका तासाला एकच वर्ग. गणित शेवटच्या तासाला नको, तेव्हा मुलं झोपेला आलेली असतात."

"पहिल्या तासालाही असतात, सर. तेही लिहू?"

प्रत्येक नियमासमोर कारणाचा एक रकाना होता. तो भरलाच पाहिजे, असा इंजिनिअरताईंचा दंडक. "आज तुम्हाला सगळं माहीत आहे," त्या म्हणत. "उद्या दुसरं कोणी या खुर्चीत बसेल. त्याला नियम दिसेल, कारण दिसणार नाही, आणि तो नियम खुशाल पुसून टाकेल." सर मान डोलवायचे आणि अर्धे रकाने कोरेच ठेवायचे. ज्या गोष्टी सत्तावीस वर्षं चालत आल्या त्यांना कारणं कसली लिहायची, असं त्यांचं मत होतं.

सहा शनिवारांत एकतीस नियम झाले. मुलीने कळ दाबली. सरांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवेपर्यंत पडद्यावर पूर्ण वेळापत्रक उभं. ज्याला त्यांना आठ दिवस लागायचे, जेवणाखाण्याची शुद्ध राहायची नाही, ते हे. सरांना जरा लागलंच. मग ते कुरकुरत एकेक ओळ बोटाने तपासू लागले, आणि भाषेच्या बाईंच्या ओळीवर बोट थांबलं. दहावी. आठवड्याला सहा तास.

"हे चूक आहे," सर म्हणाले.

"कुठला नियम मोडलाय?"

"कुठलाच नाही."

"मग चूक कशी, सर?"

दहावीचा वर्ग रस्त्याकडच्या मोठ्या खोलीत भरायचा. खाली दिवसभर मालवाहू गाड्या, हॉर्न. आणि भाषेच्या बाईंना ऐकायला फार कमी येत होतं.

हे सरांशिवाय दुसऱ्या कुठल्याही शिक्षकाला माहीत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी व्हरांड्यात त्यांनी बाईंना मागून तीन हाका मारल्या होत्या आणि बाई सरळ पुढे निघून गेल्या होत्या. आधी सरांना राग आला, मग उलगडा झाला. मागच्या बाजूच्या शांत खोल्यांत बाई ओठांकडे बघून निभावून न्यायच्या, आणि उत्तम शिकवायच्या. पण नजर अधू झाली म्हणून चित्रकलेच्या मास्तरांना संस्थेने महिन्याभरात कार्यालयात बसवलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. बाईंची आठ वर्षं नोकरी बाकी होती. सरांनी कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. दर वर्षी बाईंच्या जांभळ्या चिठ्ठ्या मागच्या वर्गांच्या खिळ्यांवर टांगत राहिले, इतकंच. दहावीला भाषा शिकवणारे दुसरे एक सर होते, ते यंदा शाळा सोडून गेले.

"लिही," सर म्हणाले. "बत्तिसावा नियम. भाषेच्या बाईंना मागच्या बाजूचेच वर्ग."

मुलीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि नवल म्हणजे काही विचारलं नाही. कळ दाबली. या वेळी पडद्यावर नुसतं एवढंच आलं: अशक्य.

"येणारच," ती म्हणाली. "दहावीला आता बाईच आहेत, आणि चौथा नियम आहे, दहावी रस्त्याकडच्या खोलीत. तो का आहे, सर?"

"तसंच असतं ते."

"पण का?"

सरांनी आठवून पाहिलं. काही केल्या आठवेना. त्यांनी म्हाताऱ्या शिपायाला बोलावून विचारलं. "मला काय विचारता?" शिपाई म्हणाला. "तुम्हीच सांगितलं होतं की. तुम्ही तक्ता हातात घेतला त्या साली दहावीत मुलं जास्त होती."

आता दहावीत छत्तीस मुलं होती आणि ती कुठल्याही खोलीत मावली असती. मुलीने चौथा नियम पुसला. दहावी मागे गेली, सातवी रस्त्याकडे आली, आणि वेळापत्रक बसलं. सर खूश व्हायला हवे होते. पण त्यांचा स्वतःचा नियम, सत्तावीस वर्षांचा, एका बोटाने गेला होता. ना कोणी हळहळलं, ना कोणाचं अडलं.

"बत्तिसाव्याचं कारण काय लिहू?" मुलीने विचारलं.

"आज राहू दे," सर म्हणाले.

रविवार त्यांना गोड लागला नाही. ते असेपर्यंत झाकली मूठ सव्वा लाखाची होती. पण पुढच्या वर्षी कोणीतरी भला माणूस तो कोरा रकाना बघणार आणि शंभर टक्के बरोबर वागून नियम पुसणार. सोमवारी मधल्या सुट्टीत ते ग्रंथालयात बाईंच्या समोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं.

बाईंनी हातातलं पुस्तक मिटलं. "कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"सहा वर्षं."

"मला वाटायचं, माझं नशीबच चांगलं. दर वर्षी शांत खोल्या मिळतात."

"नशीब होतंच, बाई. फक्त ते खिळ्याला मी अडकवत होतो."

"दया आली माझी?"

"छे. आधी राग आला होता. तीन हाका मारल्या होत्या मी."

बाईंना हसू आलं नाही. "लिहिलं तर सगळे वाचतील," त्या म्हणाल्या. "न लिहिलं तर दोन वर्षांत मी त्या रस्त्यावरच्या खोलीत बावळटासारखी उभी असेन." त्या उठून गेल्या. सरांना वाटलं, आपण नको त्या फंदात पडलो. पुढचे चार दिवस ते फार बेचैन होते.

शनिवारी बाई संगणकाच्या खोलीत आल्या. "मुख्याध्यापिकांना सकाळी सांगून आले," त्या सरांना म्हणाल्या. "रात्रभर झोप नव्हती. त्यांनी कानाच्या डॉक्टरांचा पत्ता दिला आणि विचारलं, दहावी घेताय ना? उठा, मला बसू द्या."

त्या सरांच्या खुर्चीत बसल्या आणि एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, रकाना भरला: बाईंना रस्त्याच्या आवाजात ऐकू येत नाही. मग शेजारच्या मुलीकडे वळून त्या म्हणाल्या, "आता तुमच्या वर्गालाही कळेल."

मुलीने त्यांच्याकडे नीट तोंड केलं. "वर्गाला माहीत आहे, बाई. आठवीपासून."

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही, आमच्या लक्षात आलं. मग ठरवलं की उत्तर द्यायचं तर आधी उभं राहायचं, तुमच्याकडे बघायचं आणि मगच बोलायचं. एका वेळी एकानेच. वर्गात नवीन कोणी आलं तर पहिल्याच दिवशी त्याला सांगून ठेवतो."

बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. "आणि मी शिक्षकांच्या खोलीत सांगत फिरते," त्या म्हणाल्या, "की या वर्गाला मी शिस्त लावली."

मुलगी खुर्ची मागे सारून उभी राहिली.

"ती शिस्तच आहे, बाई," ती म्हणाली.