मंडळातली जागा

सुनीती लखनौच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची. पहिल्या वर्षाच्या मुलांना सामाजिक नियंत्रण समजावताना ती म्हणायची, "कायदा फार थोड्यांपर्यंत पोचतो. बाकीच्यांना आपलीच माणसं वळणावर ठेवतात. कुणी ओरडत नाही. फक्त बोलणं कमी होतं."

मग तिच्या मुलीनं, सावनीनं, ती नोकरी करायची त्या संस्थेतल्या सहकाऱ्याशी, दीपकशी, लग्न केलं. दीपक दलित, वडील चिनहटच्या कारखान्यात फिटर. सुनीतीनं साक्षीदार म्हणून सही केली. तिचे यजमान हेमचंद्र, रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिनियर, लग्नाला गेले नाहीत. "मला थोडा वेळ द्या," एवढंच म्हणाले.

इंदिरा नगरच्या मराठी मंडळात कुणी चकार शब्द काढला नाही. हळदीकुंकवाचं बोलावणं मात्र आलं नाही. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हेमचंद्रांच्या मेसेजला उत्तरं येईनाशी झाली. गणपतीची सजावट कायम त्यांच्याकडे असायची. मंडळाचा सेक्रेटरी हर्षवर्धन मऊ आवाजात म्हणाला, "काका, यंदा आराम करा तुम्ही."

हेमचंद्र घरातच बसू लागले. रोजची दाढी सुटली. बेल वाजली की लगबगीनं उठायचे. दारात सब्जीवाला असायचा.

"ह्याला बहिष्कारच म्हणतात," सुनीती एकदा म्हणाली.

"नाव माहीत असून काय उपयोग? त्यानं कुणी घरी येतं का?"

गणपतीच्या आधी ते एकटेच हर्षवर्धनकडे जाऊन आले. तिथं काय बोलले, ते त्यांनी सुनीतीला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा झब्बा घालून ते मखर बांधायला गेले.

उत्सवात एका संध्याकाळी सावनी आणि दीपक न कळवता मांडवात आले. सावनीला सहावा महिना होता. हेमचंद्र प्रसाद वाटत होते. त्यांच्याशेजारी नयना उभी होती, नवऱ्याच्या बदलीमुळे नुकतीच लखनौला आलेली.

"ह्या कोण हो, काका?" तिनं विचारलं.

हेमचंद्रांनी पुढच्या हातावर प्रसाद ठेवला. "सुनीतीची विद्यार्थिनी आहे."

आजूबाजूच्या सगळ्यांनी सावनीला फ्रॉक घालायची तेव्हापासून पाहिलं होतं. कुणीच काही बोललं नाही. दीपकला मराठी येत नव्हतं. तो हसून वाकला, हेमचंद्रांच्या पायाला हात लावला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रसाद दिला.

ते दोघं निघाले, तशी सुनीती मांडवातून त्यांच्या मागोमाग रस्त्यावर धावली. दीपक स्कूटर काढायला पुढं गेला होता.

"सावनी, थांब."

"दीपक को मत बताइएगा, मम्मी," सावनी म्हणाली. तिचा आवाज अगदी कोरडा होता. "उसे लगा पापा ने आशीर्वाद दिया है."

त्यानंतर ती घरी आली नाही. हिवाळ्यात दीपकनं सुनीतीला बाळाचा फोटो पाठवला. मुलगी होती. हेमचंद्रांनी फोन हातात घेतला, फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला.

"ग्रुपवर टाकू नकोस," फोन परत देत ते म्हणाले.

सुनीती रिक्षा करून एकटीच हॉस्पिटलला गेली. हेमचंद्रांना मंडळाच्या मीटिंगला जायचं होतं.