हातमोज्यावरचा शंभर

मित्रांनो, मी एक जुनं तपासणी यंत्र आहे. केडगावच्या एका लॅबमध्ये जिन्याखाली पडून असतो. माझ्यावर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी चिकटवली आहे. ती धादांत खोटी आहे.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. इथे आणलं तेव्हा माझ्यासमोर नारळ फुटला. रक्तात किंवा गाठीतल्या पाण्यात कर्करोगाची खूण किती आहे ते मोजायचं, एवढंच माझं काम. दर दसऱ्याला तंत्रज्ञ शामकांत मला झेंडूची माळ घालत आणि म्हणत, "हा आपला हुकमी एक्का!" मी फुशारून जायचो.

तीन वर्षांपूर्वी बेलापूरच्या राहीबाईंच्या स्वादुपिंडातल्या गाठीचं पाणी तपासायला आलं. ते मधासारखं चिकट होतं. तसलं पाणी मला पेलत नाही, म्हणून शामकांतनी ते शंभरपट पातळ केलं. अशा वेळी माझा आकडा शंभराने गुणायचा असतो. तसं लगेच वहीत लिहायचं, असा नियम. पण वही दूर, हात जवळ! त्यांनी नेहमीप्रमाणे डाव्या हातमोज्यावर पेनाने 'शंभर' लिहिलं. तेवढ्यात चहा आला. हातमोजे काढून त्यांनी कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकले, चहा घेतला आणि परत येऊन माझा आकडा जसाच्या तसा रिपोर्टात उतरवला. चार.

खरा आकडा चारशे होता.

रिपोर्ट न्यायला राहीबाई मुलाला, आदिनाथला घेऊन आल्या होत्या. चार म्हणजे साधी पाण्याची गाठ, ऑपरेशन नको, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. राहीबाईंनी काचेपलीकडून मला हात जोडले. "लई भ्या वाटत हुतं रं आदिनाथ. मशीन काय खोटं बोलत न्हाई." ते जोडलेले हात आठवले की मला आजही लाज वाटते.

दीड वर्षाने आदिनाथ एकटाच आला. हातात पुण्याचा रिपोर्ट होता. गाठीचा कर्करोग झाला होता आणि तो यकृतापर्यंत पसरला होता.

"तवाच कळलं असतं तर गाठ काढता आली असती, असं म्हनत्यात तिकडं. मग हे चार कुठून आलं, साहेब?"

शामकांतचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांना सगळं आठवलं होतं. तरी त्यांनी माझ्याकडेच बोट दाखवलं. "मशीन जुनं झालंय हो. चुकलं असेल."

त्याच संध्याकाळी मला जिन्याखाली ढकललं. पुढच्या आषाढात राहीबाई गेल्या.

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका. माळ तर मुळीच घालू नका. वहीत लिहायचं ते वहीतच लिहा, आणि चुकलात तर 'मी चुकलो' म्हणा. एवढी काळजी घेतलीत तरी मी भरून पावलो.

वर आता नवं यंत्र आलं आहे. यंदाच्या दसऱ्याला त्यालाही माळ पडली. काल शामकांत चहासाठी जिना उतरले. चालता चालता त्यांनी हातमोजा काढून माझ्या शेजारच्या लाल पिशवीकडे भिरकावला. नेम चुकला आणि तो माझ्या अंगावर पडला. त्यावर पेनाने लिहिलं होतं, 'पन्नास'.