डाव्या कडेवर

टेक्सासातल्या त्या गावात कमरेला पिस्तूल लावून बाजारहाट करणं काही नवलाचं नव्हतं. पण आपल्याकडचं पिस्तूल कुणाला कळत नाही, अशी लॉरेलची पक्की खात्री होती. अंगात नवऱ्याचा ढगळ शर्ट, त्याखाली उजवीकडे पिस्तूल, डाव्या कडेवर दीड वर्षांची टेसी आणि शर्टाला लोंबकळणारा पाच वर्षांचा बून. अशा थाटात ती किराणा दुकानाच्या गल्ल्यापाशी आली.

"हात मोडेल की गं," गल्ल्यावरच्या व्हर्नामावशी म्हणाल्या. "पोरीला जरा उजव्या कडेवर घे."

"तिला इकडंच आवडतं, मावशी."

"तिला, की तुझ्या पिस्तुलाला?"

लॉरेलचा चेहरा पडला. "बूनने सांगितलं?"

"तो कशाला सांगतोय! ईस्टरपासून पोर डावीकडून हललेली नाही. अख्ख्या गावाला ठाऊक आहे, बाई."

"लेकुरवाळीला शोभतं का हे?" रांगेत मागे उभी असलेली पाद्र्याची बायको फणकारली, आणि डाव्या कडेवरच्या नातवाला तिने घाईघाईने उजवीकडे घेतलं.

"आजी, टोचतंय!" नातू किंचाळला.